नर्सरी, बालवाडी की अंगणवाडी? मुलाचा प्रवेश ठरवण्याआधी वयाचा हिशोब कसा करायचा?

दिवाळी सरली की शहरांतल्या चौकाचौकांत 'प्रवेश सुरू'चे फ्लेक्स दिसू लागतात आणि अडीच-तीन वर्षांच्या मुलांच्या घरी एकच चर्चा सुरू होते: कुठे घालायचं? बहुतेक ठिकाणी ती फी, स्कूलबस आणि शाळेच्या नावाभोवती फिरते. जन्मदाखल्यावरची तारीख मात्र फारसं कुणी नीट बघत नाही. खरं तर नर्सरीचा विचार पहिलीपासून उलटा मोजत करायला हवा.

३१ डिसेंबरचा नियम काय आहे?

महाराष्ट्रात पहिलीत जायचं, तर त्या शैक्षणिक वर्षातल्या ३१ डिसेंबरपर्यंत मुलाची ६ वर्षं पूर्ण व्हावी लागतात. त्याच हिशोबाने प्लेग्रुप किंवा नर्सरीसाठी ३, ज्युनिअर केजीसाठी ४ आणि सीनिअर केजीसाठी ५ वर्षं धरली जातात.

एक उदाहरण घेऊ. १० डिसेंबर २०२२ला जन्मलेलं मूल या नियमाने जून २०२८मध्ये पहिलीत बसू शकतं. तेव्हा ते साडेपाच वर्षांचं असेल. १० जानेवारी २०२३ला जन्मलेलं मूल मात्र जून २०२९मध्ये पहिलीत जाईल, वय जवळपास ६ वर्षं ५ महिने. जन्मात एका महिन्याचं अंतर, पण शाळेत पूर्ण एका वर्षाचं.

त्यामुळे एकाच वर्गात काही मुलं दुसऱ्यांपेक्षा दहा-अकरा महिन्यांनी लहान असतात. या वयात हे अंतर बरंच मोठं असतं. पेन्सिल धरणं, डबा उघडणं, एका जागी बसणं, पूर्ण वाक्यात सांगणं, सगळ्यांत ते दिसतं. 'तुमचं मूल मागे पडतंय' असा निरोप आला, तर ट्यूशन शोधण्याआधी जन्मतारीख बघावी. नियमातलं वय हे किमान वय आहे. डिसेंबरच्या मुलाला एक वर्ष उशिरा घालायचं असेल, तर वयाची वरची मर्यादा शाळेकडून आधीच विचारून घ्यावी.

बदलीची नोकरी असलेल्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. केंद्रीय विद्यालयांत पहिलीसाठी वय ३१ मार्चला मोजतात. वरच्या उदाहरणातलं डिसेंबरचं मूल राज्याच्या नियमाने २०२८मध्ये पहिलीत बसतं; केंद्रीय विद्यालयात त्याला २०२९पर्यंत थांबावं लागेल.

पर्याय कोणते?

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२०मध्ये ३ ते ८ वर्षं हा 'पायाभूत स्तर' मानला आहे. त्यात पूर्वप्राथमिकची तीन वर्षं आणि पहिली-दुसरी येते. ही पाच वर्षं खेळातून, गोष्टी-गाण्यांतून आणि हाताने काही करण्यातून शिकण्याची आहेत, असं धोरण सांगतं.

सगळ्यांत मोठं जाळं अंगणवाड्यांचं आहे. एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली. ३ ते ६ वर्षांच्या मुलांना तिथे शाळापूर्व शिक्षण आणि आहार मोफत मिळतो, वजन-उंचीही नोंदवली जाते. मध्यमवर्गीय घरांत अंगणवाडीचं नाव सहसा निघतच नाही. पण चांगली सेविका असलेली घराजवळची अंगणवाडी अनेक महागड्या नर्सऱ्यांपेक्षा सरस ठरू शकते. बालशिक्षणाची ही वाट महाराष्ट्राला नवी नाही. ताराबाई मोडक यांनी १९४५मध्ये बोर्डी इथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. तिथे आणि पुढे कोसबाडला त्यांनी व अनुताई वाघ यांनी महागड्या साधनांऐवजी परिसरात मिळणाऱ्या वस्तूंतून मुलांना शिकवलं.

खासगीत दोन प्रकार आहेत. एक, मोठ्या शाळेला जोडलेली नर्सरी. इथे पुढच्या प्रवेशाची चिंता कमी, पण फी आणि अंतर दोन्ही अनेक वर्षांसाठी गळ्यात पडतात. दुसरा, घराजवळची स्वतंत्र बालवाडी किंवा प्ले स्कूल. ती सीनिअर केजीला संपते. मोठ्या शाळांत पहिलीचे वर्ग बहुतांशी स्वतःच्याच केजीतल्या मुलांनी भरतात. म्हणून स्वतंत्र बालवाडी निवडताना 'पुढे कुठे?' याचं उत्तर आधीच शोधावं. अशा खासगी केंद्रांची ऑनलाइन नोंदणी शिक्षण विभागाने २०२५मध्ये सुरू केली. नोंदणी झाली आहे का, हे विचारायला हरकत नाही.

पाटीवरच्या 'माँटेसरी' शब्दाला भुलू नये. हे नाव कुणाच्या मालकीचं नाही, कुणीही लावू शकतं. शिक्षिकेने ते प्रशिक्षण कुठे घेतलं, हे थेट विचारावं. तीन वर्षांच्या मुलासाठी बोर्ड कोणतं, हा प्रश्न तर सोडूनच द्यावा.

प्रत्यक्ष बघताना काय बघायचं?

२०१३च्या राष्ट्रीय बालशिक्षण धोरणाच्या निकषांत ३ ते ६ वर्षांच्या २० मुलांमागे एक मोठं माणूस आणि ३० मुलांसाठी किमान ३० चौरस मीटर मोकळी जागा सांगितली आहे. दिवस तीन-चार तासांचा. तेव्हा वर्ग भरलेला असताना जावं आणि मुलं मोजावीत. रिकामा, रंगवलेला वर्ग कुठलाही छानच दिसतो. स्वच्छतागृह मुलांच्या उंचीचं आहे का, तिथे सोबत कोण जातं, सुटल्यावर मूल कुणाच्या हातात देतात? भिंतीवर मुलांची वेडीवाकडी चित्रं आहेत की फक्त छापील तक्ते? नर्सरीतच चार रेघी वही आणि गृहपाठ असेल, तर पालकांना बरं वाटतं. पण या वयातल्या बोटांना माती, मणी आणि कागद फाडण्याची गरज जास्त असते.

भाषेचं काय?

शक्य असेल तिथे किमान पाचवीपर्यंत घरच्या किंवा मातृभाषेतून शिकवावं, अशी धोरणाची भूमिका आहे. इंग्रजी माध्यमच ठरलं असेल, तर एक प्रश्न नक्की विचारावा: मुलाने 'शू आली' असं मराठीत सांगितलं तर चालतं का? जिथे चालत नाही, तिथे मूल आधी गप्प बसायला शिकतं. २०२०च्या कायद्यानुसार राज्यातल्या शाळांत, बोर्ड कोणतंही असो, मराठी हा विषय सक्तीचा आहे. नर्सरीला मात्र ही तरतूद लागू नाही.

मुलाखत आणि राखीव जागा

शिक्षण हक्क कायदा २००९च्या कलम १३नुसार शाळेला प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची चाळणी लावता येत नाही. पहिल्या उल्लंघनाला २५ हजार रुपयांपर्यंत दंड आहे. कॅपिटेशन फी घेतली, तर तिच्या दहापटीपर्यंत. स्वतंत्र प्ले स्कूल कायद्यातल्या 'शाळे'च्या व्याख्येत येत नाही, त्यामुळे तिथे पैसे भरण्याआधी फी परत मिळण्याचे नियम लेखी घ्यावेत.

याच कायद्याने वंचित आणि दुर्बल घटकांसाठी खासगी शाळांत प्रवेशाच्या पहिल्या वर्गात २५ टक्के जागा ठेवल्या आहेत. अर्ज ऑनलाइन, निवड सोडतीने. दुर्बल घटकासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा १ लाख रुपये आहे. जन्म, रहिवास आणि जात किंवा उत्पन्नाचे दाखले अर्ज सुरू होण्याआधीच काढून ठेवावेत, कारण मुदत छोटी असते.

आणि ज्यांचं मूल नर्सरी-केजीला गेलंच नाही, त्यांनी घाबरू नये. सहा वर्षांच्या मुलाला जवळच्या शाळेत पहिलीत बसण्याचा हक्क आहे, त्यासाठी केजीचा दाखला लागत नाही. वयाचा पुरावा नाही म्हणूनही प्रवेश नाकारता येत नाही.