मँचेस्टरचीं मुलें

पुष्कळ वर्षांपूर्वीं मी एका शाळेंत शिक्षक असतांना हुतूतूच्या संघाची निवड माझ्याकडे असे. एका वर्षीं सातवींतील एक चपळ मुलगा संघांत घ्यावा, असें माझ्या मनांत होतें. परंतु आंतरशालेय स्पर्धेंतील ढाल हातची जाईल, या भीतीनें मीं त्यास "पुढच्या वर्षीं पाहूं" असें सांगून बाजूस बसविलें. पुढच्या वर्षीं त्याच्या वडिलांची बदली झाली आणि तो गांव सोडून गेला. ढाल तर मिळाली नाहींच. पण त्या मुलाचा पडलेला चेहरा अद्यापि माझ्या डोळ्यांपुढून हलत नाहीं. अनुभवी माणसाच्या जागीं नवखा केव्हां उभा करावा, हा प्रश्न शिक्षकास, कारखानदारास, घरांतील वडील माणसासहि पडतो. इंग्लंडांतील एका फुटबॉल-क्लबाच्या इतिहासांत त्याचें एक उत्तर मिळतें. आणि त्या उत्तराची किंमत काय पडली, तेंहि कळतें. तोच इतिहास आज आपल्यापुढें थोडक्यांत मांडीत आहें.

मार्च १९४१ मध्यें जर्मन विमानांच्या हल्ल्यांत मँचेस्टर युनायटेड क्लबाचें ओल्ड ट्रॅफर्ड हें क्रीडांगण उद्ध्वस्त झालें. १९४५ सालीं मॅट बझ्बी हे स्कॉटलंडांतील खाणकामगाराच्या कुटुंबांत जन्मलेले गृहस्थ क्लबाचे व्यवस्थापक झाले, तेव्हां संघास खेळण्याजोगें स्वतःचें मैदानहि नव्हतें. १९४९ पर्यंत शेजारच्या मँचेस्टर सिटी क्लबाच्या मैदानावर दिवस काढावे लागले. तशाहि स्थितींत जुन्या खेळाडूंच्या बळावर त्यांनीं १९४८ सालीं एफ्. ए. चषक आणि १९५२ सालीं लीगचें अजिंक्यपद मिळविलें. परंतु युद्धानें ज्यांचीं उमेदीचीं वर्षें खाल्लीं होतीं, ते गडी आतां थकूं लागले होते.

अशा वेळीं दोन मार्ग असतात. पैसे मोजून तयार खेळाडू विकत आणावे, हा एक. आणि पंधरा वर्षांचीं मुलें आणून तीं घडवावीं, हा दुसरा. पहिला मार्ग बझ्बींनीं अगदींच वर्ज्य केला नाहीं. १९५३ सालीं टॉमी टेलर या खेळाडूसाठीं त्यांनीं २९,९९९ पौंड दिले. तीस हजारांचा खेळाडू असें ओझें त्याच्या मनावर पडूं नये, म्हणून एक पौंड कमी! पण त्यांची खरी भिस्त होती ती मुलांवर. त्याचें बीज युद्धापूर्वींच, १९३८ सालीं, क्लबानें मुलांसाठीं काढलेल्या शाखेंत पेरलें गेलें होतें.

ही घडण कशी चाले, तें ऐकण्यासारखें आहे. जो आर्मस्ट्राँग हे शाळाशाळांचे सामने पाहात हिंडत आणि गुणी मुलगा दिसला कीं त्याच्या आईबापांशीं जाऊन बोलत. बाहेरगांवच्या मुलांची सोय शहरांतील खाणावळीवजा घरांत, एखाद्या प्रौढ बाईच्या देखरेखीखालीं केली जाई. खेळाचा धंदा बेभरंवशाचा, म्हणून कांहीं मुलें एखादा हुन्नरहि शिकत. डंकन एडवर्ड्स सुतारकामाची उमेदवारी करी, तर बॉबी चार्ल्टन विजेच्या कारखान्यांत जाई. मैदानावर त्यांचे गुरु होते जिमी मर्फी हे वेल्श गृहस्थ. मुलांचा संघ, मग राखीव संघ, मग पहिला संघ अशी ही पायऱ्यांची वाट होती. मुलांसाठींची एफ्. ए. युवक-चषक स्पर्धा १९५२-५३ मध्यें सुरू झाली आणि पहिलीं पांच वर्षें तो चषक याच क्लबाकडे राहिला.

४ एप्रिल १९५३ रोजीं एडवर्ड्स पहिल्या संघांतून प्रथम खेळला, तेव्हां त्यानें सतरावें वर्षहि पुरें केलें नव्हतें. कार्डिफ सिटीनें त्या दिवशीं युनायटेडचा १-४ असा पराभव केला. माझ्यासारख्यानें त्यास दुसऱ्याच दिवशीं राखीव संघांत कायमचा धाडला असता. बझ्बींनीं तसें केलें नाहीं. उलट त्याच वर्षाच्या ऑक्टोबरांत त्यांनीं अनेक तरुण एकाच वेळीं पहिल्या संघांत उतरविले. यांतील मर्म असें, कीं एकटें पोर थोरांच्या मेळ्यांत बुजतें. पण वर्षानुवर्षें एकत्र खेळलेलीं मुलें एकमेकांस धीर देतात. शिवाय रॉजर बर्नसारखा थोडा वडील कर्णधार त्यांच्यापुढें उभा असे. १९५६ आणि १९५७ अशीं लागोपाठ दोन वर्षें या संघानें लीग जिंकली. त्याचें सरासरी वय होतें सुमारें बावीस! वर्तमानपत्रांनीं त्यांस 'बझ्बींचीं बाळें' असें नांव दिलें.

आतां किंमतीची गोष्ट. युरोपांतील चषकासाठीं खेळूं नये, असा लीगच्या चालकांचा सल्ला होता. तो न मानतां बझ्बी मुलांस घेऊन गेले. ६ फेब्रुवारी १९५८ रोजीं बेलग्रेडहून परततांना म्यूनिकच्या विमानतळावर धावपट्टीवरील बर्फाच्या रेंद्यामुळें त्यांचें विमान उडूं शकलें नाहीं व कोसळलें. तेवीस माणसें दगावलीं. त्यांत आठ खेळाडू होते. एडवर्ड्स पंधरा दिवस मृत्यूशीं झगडून गेला. त्याचें वय एकवीस. बझ्बी स्वतः मृत्यूच्या दारांतून परत आले. परंतु मुलांस आपणच तेथें नेलें, ही टोंचणी त्यांस लागून राहिली. हें काम सोडावें, असेंहि त्यांच्या मनानें घेतलें होतें; पत्नीनें त्यांस परत उभें केलें.

मर्फी वेल्सच्या संघाबरोबर असल्यानें त्या विमानांत नव्हते. अपघातानंतर तेराव्या दिवशीं सामना होता. छापील कार्यक्रमपत्रिकेंत युनायटेडच्या खेळाडूंच्या नांवांच्या जागा कोऱ्याच होत्या. मर्फींनीं राखीव संघांतील मुलें उभीं केलीं, आणि त्यांनीं शेफील्ड वेन्सडेवर ३-० असा विजय मिळविला. पायऱ्यांची ती वाट नसती, तर त्या रात्रीं मैदानावर उतरण्यास कोण होतें?

पुढें दहा वर्षांनीं, २९ मे १९६८ रोजीं, बझ्बींच्या संघानें बेन्फिकास ४-१ असें हरवून युरोपचा चषक मिळविला. म्यूनिकहून वांचलेले चार्ल्टन आणि बिल फोक्स त्यांत होते; बेलफास्टहून पंधराव्या वर्षीं आलेला जॉर्ज बेस्ट होता; आणि त्याच दिवशीं एकोणीस वर्षें पुरीं केलेला मँचेस्टरचा ब्रायन किड होता. चौघांपैकीं तिघांनीं त्या रात्रीं गोल केले. १९९५ च्या ऑगस्टांत याच क्लबाचा तरुण संघ पहिल्याच सामन्यांत हरला, तेव्हां पोरांच्या बळावर कांहीं जिंकतां येत नाहीं, असें दूरचित्रवाणीवरील एका जाणत्या समीक्षकानें सांगितलें. त्या हंगामांत लीग आणि एफ्. ए. चषक दोन्हीं त्याच पोरांनीं आणले.

श्रोतेहो, म्यूनिकचा दोष तरुणांस संधि देण्यावर टाकतां येत नाहीं. तो बर्फाचा होता. तरीहि दुसऱ्याच्या मुलास पुढें करणाऱ्याच्या खांद्यावर एक जोखीम असतेच, आणि बझ्बींनीं ती जन्मभर वाहिली. मीं मात्र ती टाळली. माझें नुकसान कोणत्याहि वर्तमानपत्रांत छापून आलें नाहीं, इतकेंच. आपल्या घरांत, कचेरींत वा शाळेंत "पुढच्या वर्षीं पाहूं" हे शब्द ओंठांवर येतील, तेव्हां पुढच्या वर्षीं तें मूल तेथें असेल काय, एवढें स्वतःस विचारावें, अशी या वृद्ध शिक्षकाची विनंति आहे.