निजामाचा कागद चालतो, कोट चालत नाही

शेरवानी घालून लग्नाच्या मांडवात उभं राहिलं तर कुणी काही विचारत नाही. सोनेरी बटनं, खांद्यावर शेला, डोक्यावर फेटा. नवरदेव मराठा असो, वंजारी असो, लिंगायत असो, शेरवानी ठरलेलीच. तीच शेरवानी घालून साध्या मंगळवारी वाशीच्या तहसीलसमोर उभं राहा, मग बघा.

मी हे तीन हिवाळे करतोय. तहसीलजवळ माझं झेरॉक्स अन् ऑनलाइन अर्ज भरायचं दुकान आहे. आजोबा याच गावात अर्जनवीस होते, म्हणजे लोकांचे अर्ज उर्दूत लिहून देणारे. त्यांची काळी लोकरी शेरवानी ट्रंकेत होती. रफू करून घेतली, आठ दिवस उन्हात टांगली तरी डांबरगोळीचा वास काही गेला नाही. बालाघाटावर सकाळी चांगलं गारठतं, तेव्हा घालतो. पुण्या-मुंबईची पोरं अशा कपड्यांना विंटेज म्हणतात आणि फोटो टाकतात. आमच्याकडं त्याला 'ट्रंकेतलं' म्हणतात.

पहिल्या दिवशी "काय वो, कुणाचं लगीन हाय?" दुसऱ्या दिवशी "शूटिंग हाय का?" हे चालायचंच. पण तिसऱ्या दिवशी एक ओळखीचे गृहस्थ गंभीरपणे म्हणाले, "रझाकाराचा कोट कशाला घालता? लोक काय म्हणतील?" ही पोस्ट त्यांच्यासाठी आहे. त्यांचा राग खोटा नाही. त्यांच्या घरानं ते दिवस भोगलेले आहेत. पण इतिहास थोडा सरळ करून घेऊ.

रझाकारांचा पोशाख शेरवानी नव्हता. कासीम रझवीची ती सशस्त्र संघटना, तिचा गणवेश लष्करी धाटणीचा होता. शेरवानी त्याच्या कितीतरी आधीची. एकोणिसाव्या शतकात उत्तरेकडं जुना अंगरखा-चपकन आणि इंग्रजांचा लांब कोट यांच्या मिश्रणातून ती तयार झाली. म्हणजे 'शुद्ध' काही नाहीच त्यात. हैदराबाद संस्थानात ती दरबाराची आणि कचेरीची झाली. 1918 साली उस्मानिया विद्यापीठ उभं राहिलं, तिथल्या विद्यार्थ्यांच्या अंगावरही तीच. संस्थानाचे दोनदा पंतप्रधान झालेले महाराजा किशनप्रसाद हिंदू होते आणि उर्दूत कविता करायचे. वकील, मुन्सफ, अर्जनवीस, ज्याला कचेरीत काम त्याच्या अंगावर शेरवानी. जसा आज बँकेत इन केलेला शर्ट.

डोक्यावरची रूमी टोपी तर आणखी मजेशीर. रूम म्हणजे तुर्कस्तान. केमाल पाशानं 1925 मध्ये कायदा करून तिथं ती टोपी बंद केली. हैदराबादेत मात्र ती पुढंही राहिली. आणि ज्याच्या नावानं आपल्या जिल्ह्याला उस्मानाबाद म्हणत होते, तो मीर उस्मान अली खान, 1937 मध्ये 'टाइम'च्या मुखपृष्ठावर जगातला सगळ्यात श्रीमंत म्हणून झळकलेला, स्वतः मळकी शेरवानी अन् जुनी टोपी घालून फिरायचा. जुने कपडे रोज वापरणारा आमच्या भागातला सगळ्यात मोठा माणूस तोच म्हणायचा!

पण कपडा तेव्हाही नुसता कपडा नव्हता. वाशीहून बार्शीला बाजाराला जायचं म्हणजे दुसऱ्या राज्यात जायचं. बार्शी इंग्रजांची, वाशी निजामाची. इकडं हाली शिक्का, तिकडं कलदार. तिकडं गांधी टोपीवाला म्हणजे काँग्रेसवाला, इकडं तीच टोपी पोलिसांच्या डोळ्यावर येणारी. आपल्याच जिल्ह्यात, हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत, खादी घालणारे स्वामी रामानंद तीर्थ मुख्याध्यापक होते. पुढं 1938 चा सत्याग्रह झाला, उस्मानियातली पोरं वंदे मातरम् म्हटल्याबद्दल बाहेर काढली गेली आणि नागपूर विद्यापीठानं त्यांना जवळ केलं. आजोबा सांगायचे, ते शेरवानी घालून निघायचे अन् पिशवीत पांढरी टोपी असायची. हद्द ओलांडली की डोकं बदलायचं. भित्रेपणा म्हणा, व्यवहार म्हणा. मला तरी यात लाज वाटण्यासारखं काही दिसत नाही.

मग 13 सप्टेंबर 1948 ला फौजा सोलापूरकडून नळदुर्गात शिरल्या. 17 तारखेला निजाम शरण आला. तो दिवस आपण झेंडा लावून साजरा करतो, करायलाच हवा. पण त्याच्या पुढच्या दिवसांबद्दल आपण गप्प बसतो. नेहरूंनी पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीनं कारवाईत आणि नंतर मेलेल्यांचा आकडा सगळ्या संस्थानात 27 ते 40 हजार धरला, आणि सगळ्यात जास्त झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबादचं नाव लिहिलं. मेलेले बहुतेक मुसलमान होते. रझाकारांनी जे केलं ते ज्यांनी केलंच नव्हतं, अशांनाही त्याची किंमत मोजावी लागली. अहवाल कित्येक दशकं दाबून ठेवला होता. आजोबांची शेरवानी त्याच महिन्यात ट्रंकेत गेली. ते हिंदू होते, तरी रस्त्यावर लांबून कोण नाव विचारतंय? कपडाच दिसतो.

आणि दिल्लीत काय चाललं होतं? नेहरू अचकन घालत होते. 26 जानेवारी 1950 ला राजेंद्रबाबूंनी राष्ट्रपतिपदाची शपथ घेतली ती काळ्या अचकनमध्ये. अचकन म्हणजे शेरवानीची चुलत बहीणच. दिल्लीत जी देशाची शान, ती वाशीत ट्रंकेत. असो.

माझा एक मित्र भीमनगरचा. त्यानं शेरवानीकडं बघून वेगळंच ऐकवलं: "तुझ्या आज्याचा कोट राहिला. आमच्या आज्याकडं कोट होता कुठं? जे होतं ते ठेवण्यासारखं नव्हतं." यावर माझ्याकडं उत्तर नाही. बाबासाहेबांनी डिसेंबर 1927 ला महाडला बायकांना सांगितलं होतं, की जात ओळखू येईल अशी लुगडं नेसायची जुनी रीत अन् ते जड दागिने टाकून द्या. म्हणून जुनं ते सगळं अंगावर घ्या असं मी कुणाला सांगणार नाही. ज्याच्या घरी जुनं म्हणजे मान होता, त्यालाच जुन्याची हौस परवडते. मी त्यातलाच आहे.

पण एक गोष्ट मला रोज दुकानात दिसते. सप्टेंबर 2023 मध्ये शिंदे समिती नेमली गेली तेव्हापासून मराठवाड्यात घरोघरी निजामकाळचे कागद शोधणं सुरू आहे. 2 सप्टेंबर 2025 ला हैदराबाद गॅझेटचा शासन निर्णय निघाला अन् गर्दी आणखी वाढली. ज्या राजवटीचं नाव जिल्ह्यावरून आपण पुसलं, तिच्याच नोंदीवर आपली पोरं फी माफी अन् नोकरी मागतायत. मागू द्या, हक्क आहे. मात्र रझाकाराचा कोट म्हणणारे ते गृहस्थही माझ्याकडून पणजोबाच्या उर्दू कागदाच्या चार झेरॉक्स घेऊन गेले, हे इथं नोंदवून ठेवतो.

आता ते कागद वाचणार कोण? माझ्या आजोबांची लिपी माझ्या बापाला आली नाही, मला तर नाहीच. परवा एक शेतकरी असाच पिवळा पडलेला कागद घेऊन आला, तेव्हा आम्ही दोघं एका निवृत्त उर्दू गुरुजींकडं गेलो. गुरुजींनी कागद बाजूला ठेवला, आधी माझी बाही हातात घेतली, अस्तर उलटून बघितलं. म्हणाले, "वडलांची होती अशीच. त्या सप्टेंबरात आईनं चुलीत घातली." मग चष्मा लावला आणि त्या शेतकऱ्याला विचारलं, "बोला, पणजोबाचं नाव काय?"