सईस

आमच्या गल्लीच्या तोंडाला एक नालबंदांचे घर होते. माझ्या लहानपणी त्या घरात घोडा नव्हता आणि नालही नव्हती. थोरला मुलगा मोटारसायकलींचे पंक्चर काढायचा. पलीकडच्या मोहल्ल्यात चाबुकस्वार आडनावाचे एक मास्तर राहत. चाबुकस्वार म्हणजे हातात चाबूक घेऊन फिरणारा कुणी जमादार असावा, अशी माझी बरीच वर्षे समजूत होती. पुढे ‘आईन-ए-अकबरी’ वाचताना अबुल फजलने दिलेली शाही पागेच्या नोकरांची यादी समोर आली. आतबेगी, दारोगा, मुशरिफ, चाबुकसवार, बैतार, सईस, नालबंद, आबकश... वाटले, आमचा अर्धा मोहल्लाच अकबराच्या पागेत उभा आहे.

चाबुकस्वार म्हणजे कोऱ्या शिंगराला शिकवणारा, त्याच्या पाठीवर पहिल्यांदा बसणारा, त्याची चाल बसवणारा माणूस. यादीत तो बराच वर आहे. सईस मात्र खाली आहे. आपल्याकडे सईस म्हणजे खरारा करणारा, चंदी घालणारा, साहेब उतरला की लगाम धरून उभा राहणारा. मराठीत त्यालाच मोतद्दार म्हणत. गोष्टींत आणि चित्रांत तो असतो, पण त्याला नाव नसते.

अलीकडे तुर्कमेनिस्तानच्या घोड्यांविषयी वाचताना हाच शब्द पुन्हा भेटला आणि मी थबकलो. तुर्कमेन भाषेत ‘सेयिस’ म्हणजे घोड्याचा उस्ताद. शिंगरू कोणते ठेवायचे, त्याला काय खाऊ घालायचे, पाठीवर कधी बसायचे, शर्यतीला कधी उतरवायचे, हे सगळे तो ठरवतो. शब्द एकच, अरबीतून दोन्हीकडे गेलेला. तिकडे तो उस्ताद झाला, इकडे नोकर. आणखी गंमत अशी की, ‘सियासत’ हा शब्दही त्याच धातूपासून आला आहे. आधी घोडा सांभाळणे, मग माणसे सांभाळणे. घोड्यांच्या इतिहासात हे दोन शब्द एकमेकांना सोडत नाहीत. म्हणून आज एका घोड्याची गोष्ट सांगतो. त्याचे नाव अरब, पण तो अरबी नव्हता.

करकुमच्या वाळवंटाच्या दक्षिण कडेला, कोपेतदागच्या डोंगरांखाली, अहाल नावाचा हिरवा पट्टा आहे. तिथे तेके जमातीचे तुर्कमेन राहत. त्यांच्या घोड्याला पुढे रशियनांनी दोन्ही नावे जोडून ‘अखल-तेके’ म्हटले. हा घोडा सडपातळ असतो. मान लांब आणि उंच बसवलेली, कातडी पातळ, आणि अंगावरच्या केसांना धातूसारखी चमक. १९५६ मध्ये सोव्हिएत नेत्यांनी इंग्लंडच्या राणीला मेलेकुश नावाचा असा एक सोनेरी घोडा भेट दिला. तिथल्या मोतद्दारांना वाटले की, याला काहीतरी पॉलिश लावले आहे, म्हणून त्यांनी तो धुऊन काढला. धुतल्यावर तो आणखीच चमकू लागला, असे सांगतात.

वाळवंटात गवत कमी. त्यामुळे तेके लोकांकडे मोठे कळप नव्हते. घरटी एखाददुसरा घोडा, तोही तंबूच्या दाराशी बांधलेला आणि हाताने खाऊ घातलेला. जव, लसूणघास आणि त्यात मेंढीची चरबी असा त्याचा खुराक. अंगावर नमद्याच्या जाड झुली. त्या उन्हापासून आणि रात्रीच्या गारठ्यापासून राखत, शिवाय घाम काढून चरबी उतरवत. शिंगरू दोन वर्षांचे व्हायच्या आत शर्यतीच्या तयारीला लागे. वंशावळ कागदावर नव्हती, सेयिसच्या तोंडी होती. सकाळी उठल्यावर आधी बापाला भेटावे आणि मग घोड्याला, अशी तुर्कमेन म्हण आहे. तिच्यात ‘अता’ म्हणजे वडील आणि ‘अत’ म्हणजे घोडा. अकबराच्या यादीतल्या सर्वांत वरच्या ‘आतबेगी’तला ‘आत’ तो हाच. अबुल फजल लिहीत होता तेव्हा ते पद खानखानान अब्दुर्रहीमकडे होते. तो तुर्कमेन वंशाच्या बैरामखानाचा मुलगा, म्हणजेच पुढे अहमदनगरच्या मोहिमेवर आलेला आणि मलिक अंबरशी झुंजलेला रहीम.

१८८१ मध्ये गोकतेपेच्या किल्ल्यात रशियन फौजेने तेके लोकांचा पाडाव केला. हजारो माणसे मारली गेली. स्वाऱ्या संपल्या आणि स्वारीचा घोडा बिनकामाचा झाला. त्यातल्याच काही रशियन अधिकाऱ्यांना मात्र या घोड्याची किंमत कळली होती. १८९० च्या दशकात अश्गाबातजवळ पैदाशीची सरकारी पागा उभी राहिली. पुढे बोल्शेविक आले आणि सामूहिकीकरणात तंबूच्या दारचा घोडाही सरकारजमा झाला. जो घोडा एका माणसाच्या हातचे खात वाढायचा, तो आता रजिस्टरमधला एक क्रमांक झाला. वर पागांमधून इंग्रजी थरोब्रेडचे रक्त घालून त्याला ‘सुधारण्याचे’ प्रयोग सुरू झाले.

या पार्श्वभूमीवर १९३५ ची ती प्रसिद्ध दौड झाली. तुर्कमेन स्वार अश्गाबातहून मॉस्कोला घोड्यावरून निघाले. अंतर सुमारे ४,३०० किलोमीटर. वाटेत करकुमचा सुमारे ३६० किलोमीटरचा पट्टा त्यांनी तीन दिवसांत ओलांडला. ८४ दिवसांनी ते मॉस्कोला पोहोचले. बाहेरून पाहता हा सोव्हिएत पराक्रमाचा सोहळा होता. मला त्यात एक अर्जही दिसतो. आमचा घोडा अजून कामाचा आहे, त्याला मोडू नका, असा तो अर्ज. अर्ज तोंडी केला असता तर कुणी ऐकला नसता. म्हणून तो घोड्याच्या खुरांनी केला.

या दौडीत पाच वर्षांचा, १९३० साली जन्मलेला एक करडा घोडा होता. तोच आपला अरब. तो आंडील होता, म्हणजे खच्ची न केलेला. मॉस्कोला पोहोचल्यावर त्याचे दुसरे आयुष्य सुरू झाले. त्याला शो-जंपिंगमध्ये उतरवले गेले आणि त्याने २.१२ मीटर उंचीचा अडथळा पार केला. आकडा कळावा म्हणून सांगतो, आज ऑलिंपिकमधले अडथळे साधारण १.६० मीटरचे असतात. उंच उडीचा जागतिक विक्रम २.४७ मीटरचा आहे. तो १९४९ मध्ये चिलीच्या वासो नावाच्या घोड्याने केला आणि अजून कुणी मोडलेला नाही. अरबची स्वतःची पाठ जमिनीपासून दीड मीटरच्या आसपास असणार. (१९४५ च्या विजयसंचलनात मार्शल झुकोव्ह याच अरबवर बसला होता, असे बरेच जण लिहितात. तो पांढरा घोडा कुमीर होता, तेरेक जातीचा. चांगल्या घोड्याला खोटा इतिहास लागत नाही, पण लोकांना राहवत नाही.)

वाळवंटात लांब पल्ला मारणारा घोडा उडी मारायला शिकतो, यात विशेष काय, असे कुणी म्हणेल. विशेष आहे. उडी पायात नसते, पाठीत असते. अडथळ्यावर घोड्याने मान खाली-पुढे सोडून पाठ कमानीसारखी वर उचलायची असते, तेव्हा मागचे पाय मोकळे होऊन वरून निघतात. तेके घोड्याची घडण नेमकी उलटी. मान उंच, डोके वर, पाठ लांब. घाबरला की तो डोके आणखी वर करतो, पाठ खोलगट होते आणि मागचे खूर दांडीला लागतात. म्हणून अशा शिंगराला आधी महिनोन्‌महिने लगाम सैल ठेवून, मान लांब-खाली सोडून दुडक्या चालीने फिरवावे लागते. मग जमिनीवर ठेवलेल्या दांड्या, मग वीतभर उंचीचे अडथळे ओळीने. पाठीवर माणूस न घेता, दोन्ही बाजूंनी बंद केलेल्या गल्लीत त्याला स्वतःहून उड्या मारू द्यायच्या. आपले पाऊल कुठे पडते, हे त्याचे त्याला उमगले पाहिजे. स्वारानेही उडीच्या वेळी मागे रेलून लगाम खेचायचा नाही, घोड्याबरोबर पुढे झुकायचे. ही गोष्ट युरोपला विसाव्या शतकाच्या तोंडावर फेदेरिको काप्रिल्ली या इटालियन अधिकाऱ्याने पटवून दिली. त्याआधीचे बहाद्दर स्वार उडीच्या ऐन क्षणी घोड्याच्या तोंडाला हिसका देत आणि घोड्याला दोष देत.

हे सगळे घाईने होत नाही. ऑलिंपिकच्या उड्डाणस्पर्धेत घोडा किमान नऊ वर्षांचा असावा लागतो. म्हणजे घोडा उडीचा आहे की नाही, हे खात्रीने कळेपर्यंत दहा वर्षे जातात. इथेच दुर्मीळ जातीची खरी पंचाईत आहे. आंडील घोडा शिकवायला अवघड. जवळपास घोडी असली की त्याचे लक्ष उडते. खच्ची केला तर तो शांत होतो, शिकतो, बक्षिसेही आणतो. पण त्याचे रक्त तिथेच थांबते. हजारोंनी घोडे असलेल्या जातीला हे परवडते. मोजक्या घोड्यांच्या जातीत तीन-चार वर्षांच्या शिंगरावर घाईने निर्णय घेतला, तर एक अख्खी वंशरेषा संपते. तेके लोक घोडे सहसा खच्ची करत नसत. त्यांचे स्वारीचे घोडे आंडीलच असत. असा घोडा माणसात राहायचा तर त्याला लहानपणापासून माणसाचा हात हवा. सेयिसची सगळी विद्या या हातात होती. तंबूच्या दाराशी, बायकापोरांच्या हातचे खात तो वाढत असे, हे कौतुकापुरते सांगायचे नाही. ती शिकवण्याची पद्धत होती.

अरब आंडील राहिला म्हणूनच पुढची गोष्ट घडली. त्याला कझाकस्तानातल्या लुगोव्हस्कोय पागेत पैदाशीसाठी नेले गेले. बक्कारा नावाच्या घोडीपासून त्याला १९५२ मध्ये एक काळा शिंगरू झाला. त्याचे नाव अबसेंत. सर्गेई फिलातोव्हने त्याला ड्रेसाजसाठी तयार केले. ड्रेसाज म्हणजे उडी नव्हे, एकेका पावलाची कसरत. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये आठ वर्षांच्या अबसेंतने वैयक्तिक सुवर्णपदक मिळवले. १९६४ ला टोकियोत कांस्य. १९६८ ला मेक्सिकोत, आता इव्हान कलिता पाठीवर, संघाचे रौप्य. तीन ऑलिंपिक खेळणारा घोडा विरळाच. बाप उडीचा आणि मुलगा ठेक्याचा.

तरी जात सुरक्षित झाली, असे समजू नका. रोमचे पदक गळ्यात पडले त्याच काळात सोव्हिएत संघात यंत्रांच्या मोहापायी घोड्यांना कत्तलखान्यात पाठवले जात होते आणि त्यात अखल-तेकेही होते. आज जगभरात ही जात काही हजारांतच आहे, आणि उड्डाणाच्या वरच्या स्पर्धांत युरोपचे वॉर्मब्लड घोडे इतके पुढे गेले आहेत की, तेके क्वचितच दिसतो.

शुद्ध रक्ताविषयी दोन शब्द. १९३५ च्या दौडीचे तात्पर्य म्हणून शुद्ध तेके घोडे थरोब्रेडच्या संकरापेक्षा टिकले, असे सांगितले जाते आणि त्यामुळे संकर थांबवण्याच्या बाजूला बळ मिळाले. ते बरे झाले, कारण संकर असाच चालू राहता तर जात विरघळली असती. पण ‘शुद्ध’ शब्द आला की मी सावध होतो. ज्या थरोब्रेडला परका म्हणून बाहेर काढले, त्याच्या तीन मूळ पुरुषांपैकी एक ‘बायर्ली टर्क’, म्हणजे तुर्की घोडा. तो तेकेच होता, असे मानणारेही आहेत. आपला भीमथडी तर भीमाकाठच्या स्थानिक घोड्यांत अरबी आणि तुर्की रक्त मिसळून घडला, आणि त्याच्या पाठीवर दख्खनचा इतिहास झाला. जात राखायची ती तिच्यातल्या कामासाठी आणि ते काम जाणणाऱ्या माणसांसाठी. वंशाच्या गर्वासाठी राखू गेले की काय होते, ते तुर्कमेनिस्तानातच पाहा. तिथे घोडा आता राष्ट्रचिन्हावर आहे आणि एप्रिलमध्ये त्याच्या नावाने सण साजरा होतो. २०१३ च्या त्या सणात राष्ट्राध्यक्ष बेर्दिमुहामेदोव्ह स्वतः शर्यतीत उतरले. ते जिंकले, आणि रेषा ओलांडताच घोड्यावरून तोंडावर पडले. पडण्याचे दृश्य तिथल्या टीव्हीने दाखवले नाही. दोन वर्षांनी अश्गाबातेत त्यांचा सोन्याने मढवलेला अश्वारूढ पुतळा उभा राहिला. सियासतीने सईसाची जागा घेतली की असे होते.

फिलातोव्हचे नाव नोंदीत आहे, कलिताचे आहे, अरबचे आणि अबसेंतचेही आहे. पण अरब शिंगरू असताना त्याच्या तोंडात पहिल्यांदा लगाम कुणी घातला? ज्या हाताला तो ८४ दिवस विश्वासाने चालला, तो हात कुणी तयार केला? मी जे वाचले त्यात ते नाव मला सापडले नाही. अबुल फजलने निदान हुद्दे तरी लिहून ठेवले.

अलीकडे राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोने भीमथडीची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली. बातमी वाचून काही महिने झाले असतील. फलटणच्या पुढे रस्त्यात मेंढरांचा वाडा आडवा आला आणि गाडी थांबवावी लागली. मागे दोन घोड्या होत्या, पाठीवर बिऱ्हाड, भांडी, बांधलेल्या कोंबड्या. त्यांच्यामागे एक शिंगरू, मोकळेच. मी काच खाली करून म्हाताऱ्या धनगराला विचारले, “बाबा, याला शिकवतं कोण?”

त्यांना प्रश्नच कळला नाही. थोड्या वेळाने म्हणाले, “शिकवायचं काय त्येला? पोरं असत्यात की संगं.”