टाऊन हॉलमधला आपला इतिहास



विहाराच्या वर्धापनदिनानिमित्त चार शब्द लिहा, असे कार्यकर्त्यांनी सांगितले. आम्ही गिरणी कामगार, पंडित नव्हे. पण जे डोळ्यांनी पाहिले आणि रात्री जागून वाचले, ते मांडतो.

एका रविवारी वस्तीतली पोरे घेऊन आम्ही टाऊन हॉलच्या वस्तुसंग्रहालयात गेलो. ही गॉथिक धाटणीची इमारत १८७२ ते १८७६ या काळात बांधली गेली. संग्रहालय सुरू झाले १९४६ साली. त्याला निमित्त ठरले पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीचे उत्खनन. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे डॉ. सांकलिया आणि डॉ. दीक्षित यांनी १९४५-४६ मध्ये ते केले. सातवाहन काळातली विटांची घरे, भांडी, नाणी उजेडात आली. ब्रह्मपुरीतच मिळालेली पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची छोटी कांस्यमूर्ती पाहून पोरे चकित झाली. "काका, हा देव इथं कसा आला?" आम्ही म्हणालो, "व्यापाऱ्यांबरोबर, बाबांनो." ज्या वाटांनी माल फिरला, त्याच वाटांनी भिक्खूही फिरले. कार्ल्याच्या लेण्यात तर यवनांनी दिलेल्या खांबांचे लेख आजही वाचता येतात.

मग एका पोराने विचारले, "शाळेत मुलं म्हणतात, तुम्ही १९५६ साली बौद्ध झाला, त्याआधी इथं बुद्ध कुठं होता?"

त्याला आम्ही १८७७ सालची गोष्ट सांगितली. त्या साली याच कोल्हापुरात जमीन खोदताना विटांचा मोठा स्तूप लागला. आत दगडी पेटी होती. झाकणावर ब्राह्मी अक्षरे होती. अर्थ एवढाच, की हे बम्ह याचे दान, धम्मगुत्ताने करवून घेतले. राजाची पदवी नाही, बिरुदावली नाही. नाव आणि दान, बस्स!

ती माणसे आपले थेट पूर्वज होती, असे आम्ही छाती ठोकून म्हणणार नाही. पुराव्याशिवाय बोलायला बाबासाहेबांनी आपल्याला शिकवलेले नाही. पण या मातीत धम्म परका नाही, हे ती पेटी सांगते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी जे दिले, ते तुटलेले नाते पुन्हा जोडणे होते.

याच जिल्ह्यात माणगावला मार्च १९२० मध्ये राजर्षी शाहू महाराजांनी बाबासाहेबांना आपले पुढारी म्हणून गौरविले. बिंदू चौकात १९५० साली, बाबासाहेब हयात असताना, त्यांचा पुतळा उभा राहिला. म्हणजे जुना इतिहास मातीखाली आहे आणि नवा रोजच्या रस्त्यावर. दोन्ही वाचायला शिकले पाहिजे.

म्हणून आयाबायांना, तरुणांना हात जोडून सांगणे आहे. जत्रेला, सिनेमाला जाता तसे वर्षातून एकदा पोरांना टाऊन हॉलला न्या. पाट्या वाचून दाखवा, प्रश्न विचारू द्या. विहारासाठी वर्गणी देताना हात आखडला, तर त्या बम्हाची आठवण ठेवा. त्याचे घर गेले, गाव बदलले, दानाची अक्षरे मात्र राहिली.

नमो बुद्धाय! जय भीम!