अकरा महिने कुठे गेले?

मागच्या एप्रिलमध्ये दुसऱ्या मजल्यावरच्या आजी पावत्यांचा गठ्ठा घेऊन आमच्या दारात उभ्या राहिल्या. सोसायटीचे खजिनदार बाबा आहेत, पण एक्सेलचं काम माझ्याकडे. घरात एक इंजिनिअर असला की अडकलेल्या प्रिंटरपासून सगळं त्याच्याच गळ्यात पडतं. आजी थेट माझ्याकडे वळल्या.

"बाळा, मी भरलेले अकरा महिने कुठे गेले?"

ते मी लपवले होते. पानावर मावत नव्हते म्हणून.

८४ फ्लॅट म्हणजे ८४ ओळी, आणि ३१ रकाने: बारा महिने, सिंकिंग फंड, दुरुस्ती निधी, पार्किंग, व्याज, थकबाकी आणि काय काय. नोटीस बोर्डाच्या काचेमागे जागा मात्र एका उभ्या ए-फोर कागदाची. एक्सेलला सांगितलं, एका पानात बसव. त्याने निमूटपणे बसवलं, २७ टक्क्यांवर. म्हणजे ११ पॉइंटचं अक्षर झालं ३ पॉइंटचं, उंची जेमतेम एक मिलिमीटर. आकडे डोळे बारीक करून वाचता येत होते, पण मराठी नावांचे अनुस्वार आणि वेलांट्या शाईत बुडाल्या. मग मी महिन्यांसकट २३ रकाने 'हाइड' केले. उरलेल्या आठांत पान सुबक दिसायला लागलं. आजींचा मार्चचा चेक वर्ष संपल्यावर जमा झाला होता, त्यामुळे त्यांच्या नावापुढे फक्त थकबाकी दिसत होती. वेळेवर भरलेले अकरा महिने लपवलेल्या रकान्यांत.

त्या रात्री झोप लागेना, तेव्हा एक साधा प्रश्न घेऊन बसलो. रुंद तक्ता अरुंद कागदावर बसवायला माझ्याआधीच्या लोकांनी काय केलं होतं?

'स्प्रेडशीट' हा शब्द कॉम्प्युटरच्या आधीचा. हिशेबनीसांच्या टेबलावर पसरायचा, रकाने आखलेला मोठा कागद म्हणजे स्प्रेडशीट. तिथे रुंदीचा प्रश्नच नव्हता, कारण कागदच तक्त्याच्या मापाचा असायचा. भानगड सुरू झाली १९७९ साली. हार्वर्डच्या बिझनेस स्कूलमध्ये शिकणारा डॅन ब्रिकलिन आणि त्याचा मित्र बॉब फ्रँकस्टन यांनी ॲपल-टू कॉम्प्युटरसाठी 'व्हिजिकॅल्क' आणलं. त्यात ६३ रकाने आणि २५४ ओळी होत्या, आणि ॲपलच्या स्क्रीनवर एका ओळीत मावायची ४० अक्षरं. स्क्रीन ही खिडकी झाली आणि तक्ता खिडकीबाहेर पसरला. १९८३ मध्ये 'लोटस १-२-३' आलं, तेव्हा रकाने २५६ झाले.

प्रिंटरचा कागद मात्र तेवढाच राहिला. साध्या डॉट मॅट्रिक्सवर एका ओळीत ८० अक्षरं उमटायची. लोटस डावीकडे-उजवीकडे समास सोडून ७२ वापरायचं. एक रकाना नऊ अक्षरांचा, म्हणजे पानावर आठ रकाने. (माझेही आठच उरले होते, हे वाचून जरा हसू आलं.) पण कंपनीच्या वार्षिक बजेटला बारा महिने, एक नावांचा रकाना आणि एक बेरजेचा असे चौदा तरी लागतात. चौदा नव्वे एकशे सव्वीस. लोटस पहिले आठ छापायचं आणि उरलेले पुढच्या पानांवर ढकलायचं. मग ऑफिसात कात्री आणि चिकटपट्टी.

पहिला उपाय अक्षर बारीक करण्याचा. १९८० मध्ये आलेला एप्सनचा एमएक्स-८० प्रिंटर त्याच आठ इंचांत १३२ अक्षरं दाटीवाटीने बसवू शकायचा. त्यासाठी लोटसच्या सेटअपमध्ये उलटी तिरकी रेघ आणि ०१५ असा मंत्र लिहायचा. एकशे सव्वीस मावले! बजेट दोन वर्षांचं झालं की पुन्हा तेच रडगाणं.

दुसरा उपाय मला फार आवडला. केंब्रिज, मॅसॅच्युसेट्समधल्या पॉल फंकच्या 'फंक सॉफ्टवेअर'ने 'साइडवेज' नावाचा छोटा प्रोग्रॅम विकायला काढला. त्या काळचा कागद सलग असायचा, दोन्ही कडांना भोकं असलेला, घड्या घालून खोक्यात भरलेला. रुंदी ठरलेली, लांबीला अंतच नाही. मग तक्ताच आडवा पाडला तर? साइडवेज प्रिंटरला अक्षरं पाठवायचाच नाही. प्रत्येक अक्षर ९० अंशांत वळवून त्याचे ठिपके चित्रासारखे पाठवायचा. छपाई रेंगाळायची, पण रकाने कागदाच्या लांबीने हवे तितके पळत जायचे. अक्षर वाचण्याजोगं आणि एकही रकाना गायब नाही. चाळीस वर्षांपूर्वीच्या त्या माणसाला माझ्यापेक्षा जास्त सुचलं होतं, हे कबूल करतो.

साइडवेजची युक्ती मोडली ती कागदामुळेच. १९८४ मध्ये एचपीचा लेझरजेट आला आणि पुढे ऑफिसांतून सुटे कागद रुळले. सुट्या कागदाला चारही बाजूंनी अंत असतो. आडवा केला तरी थोडीच जागा वाढते. मग उरला आकुंचनाचा रस्ता, जो पुढे एक्सेलने इतका सोपा केला की दोन क्लिकमध्ये कितीही रुंद तक्ता एका पानात कोंबता येतो. १० टक्क्यांच्या खाली तो जात नाही, एवढीच काय ती दया. दरम्यान २००७ च्या एक्सेलमध्ये रकाने २५६ वरून १६,३८४ झाले. ए-फोर २१० मिलिमीटरचाच.

मला खटकतं ते हे. कात्री-चिकटपट्टीच्या काळात काय कापलं ते कापणाऱ्याला दिसायचं. आता सॉफ्टवेअर कुरकुर करत नाही, त्यामुळे भुर्दंड वाचणाऱ्याच्या डोळ्यांना पडतो आणि छापणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो.

सकाळी बाबांना हे सगळं सांगितलं. ते साखर कारखान्याच्या हिशेब खात्यात होते. लहानपणी माझं गणिताचं रफ काम कारखान्यातून आलेल्या रुंद, हिरव्या पट्ट्यांच्या कागदांच्या पाठीवर व्हायचं.

"आम्ही कागदच मोठा घ्यायचो," चहा ओतत बाबा म्हणाले. "त्यात काय एवढं?"

मग मी तेच केलं. ३१ ही रकाने उघडले. 'प्रिंट टायटल्स'मध्ये नावांचा रकाना आणि वरची ओळ प्रत्येक पानावर पुन्हा येईल असं सांगितलं. पानांच्या उंचीचं बंधन काढलं, रुंदी तीन आडवी पानं ठेवली. एकूण नऊ ए-फोर. बाबांनी पट्टी धरली, मी चिकटवले. काचेमागे ते मावणं शक्यच नव्हतं, म्हणून लिफ्टशेजारच्या भिंतीवर लावले.

संध्याकाळी आजी चष्मा लावून तिथे उभ्या होत्या. आपल्या नावावर बोट ठेवून ते उजवीकडे सरकवत गेल्या. एप्रिल, मे, जून. मार्चपाशी थांबल्या.

"हा चेक मी २९ तारखेला दिला होता," त्या म्हणाल्या. "बाबांना सांग, पावतीवर तारीख आहे."