एम्.ए.चा उंबरठा

मुंबई विद्यापीठाच्या पदव्युत्तर शिक्षणाचा पूर्वेतिहास पाहू जाता एक गोष्ट विलक्षण वाटते, ती ही की, ज्या काळी परीक्षांचा दरारा सर्वाधिक होता त्या काळी एम्.ए.च्या प्रवेशाला अशी निराळी अट जवळजवळ नव्हतीच. १८५७ साली लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर स्थापन झालेली ही संस्था परीक्षा घेई आणि पदव्या देई. शिकविण्याचा कारभार महाविद्यालयांकडे असे. बी.ए. झालेल्याने अर्ज करावा, फी भरावी आणि परीक्षेस बसावे, इतकाच तो मामला. खरी चाळण फार खाली, मॅट्रिकलाच लागे. १८५९ सालच्या पहिल्या मॅट्रिकला १३२ उमेदवार बसले आणि २२ उत्तीर्ण झाले. १८६२ साली टाउन हॉलमध्ये, विद्यापीठास स्वतःची वास्तू नसल्यामुळे, जो पहिला पदवीदान समारंभ झाला, त्यात बी.ए. म्हणून महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक असे चौघेच उभे राहिले. एवढ्या थोड्यांतून आणखी कोणाला वगळायचे, हा प्रश्नच उद्भवत नव्हता. स्त्रियांना तर १८८३ पर्यंत या चाळणीजवळ जाण्याचीही मुभा नव्हती.

प्रवेशाची पात्रता ठरविणे म्हणजे केवळ माणसांची निवड नव्हे, विषयांचीही निवड असते. एम्.ए.च्या योग्यतेच्या विषयांत मराठीची गणना व्हावी म्हणून रानडे आयुष्याच्या अखेरपर्यंत झटले. १९०१ च्या जानेवारीत ते निवर्तले आणि त्यानंतर लवकरच देशी भाषांना त्या परीक्षेत स्थान मिळाले. गिरगावच्या खाणावळीत जेवून संस्कृतची पाठांतरे करणाऱ्या कोकणी विद्यार्थ्याला आपल्या घरच्या भाषेत एम्.ए. होता येईल, ही कल्पना रुजायला चाळीस वर्षांहून अधिक काळ लागावा, हे काही भूषणावह नाही.

खरा पालट झाला तो १९१९ साली, पॅट्रिक गेडिस समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्राच्या नव्या विभागाचे प्रमुख झाले तेव्हा. विलायतेस पाठवावयाचा विद्यार्थी त्यांनी निवडला, तो गुणांची बेरीज पाहून नव्हे, तर मुंबई शहरावर लिहावयास लावलेल्या निबंधावरून. तो निबंध होता मालवणच्या गोविंद सदाशिव घुर्ये यांचा, एम्.ए. त्यांनी संस्कृतात केले होते! केंब्रिजहून परतल्यावर १९२४ साली घुर्ये त्याच विभागाचे प्रमुख झाले आणि प्रबंध लिहून एम्.ए. होण्याची वाट त्यांच्या हाताखाली रुळली. इरावती कर्वे १९२८ साली याच वाटेने एम्.ए. झाल्या. कोणता विषय घ्यायचा आणि तो पेलण्याची ऐपत कोणात आहे, हे आता नियमावलीपेक्षा मार्गदर्शकाच्या पारखीवर अधिक अवलंबून राहू लागले. अशी पारख विद्वानाच्या हाती असते तोवर शोभते. तिला दाद मागण्याची जागा मात्र नसते.

दर्जाच्या नावाखाली कोण बाहेर राहतो, हा प्रश्न मात्र विद्यापीठाच्या फोर्टातून नव्हे, कामगारांच्या परळातून विचारला गेला. परळच्या डबक चाळीतील एकाच खोलीत, जात्याच्या आणि बकरीच्या शेजारी, वडील रात्री दोन वाजता उठवीत तेव्हा दिव्याच्या मंद उजेडात अभ्यास करून मोठे झालेले भीमराव आंबेडकर १९१२ साली एल्फिन्स्टन कॉलेजातून बी.ए. झाले, आणि बडोदे सरकारच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठात गेले. मुंबईची बी.ए. तेथे पुरेशी ठरली. १९२४-२५ च्या सर चिमणलाल सेटलवाड यांच्या विद्यापीठ सुधारणा समितीपुढे त्यांनी सांगितले की, पदवीपूर्व आणि पदव्युत्तर शिक्षण एकमेकांपासून तोडणे म्हणजे अध्यापन आणि संशोधन यांची ताटातूट करणे होय. पुढे १९२७ साली, परळच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत राहत असताना, मुंबई कायदे कौन्सिलात त्यांनी आणखी तिखट मुद्दा मांडला: शिक्षणाचा दर्जा वाढविण्याच्या नावाने परीक्षा इतक्या कठीण केल्या जात आहेत की, आजवर विद्यापीठाच्या दारी न पोहोचलेले समाज कायमचे बाहेरच राहावेत. सेटलवाड हेच त्या वेळी कुलगुरू होते, ही गोष्ट लक्षात घेतली तर या युक्तिवादाचा रोख कळतो.

१९३६ च्या सुमारास घुर्ये यांच्या विभागात पीएच्.डी.ची सोय झाली. पहिल्या पदवीधारकांपैकी जी. आर. प्रधान यांचा प्रबंध पुढे छापला गेला. विषय होता मुंबई शहरातील अस्पृश्य कामगार.