घरच्या रक्षणाची बंदूक

कोरेगांव म्हटलें कीं १८१८ सालची भीमेच्या काठची लढाई आठवते. परंतु तें कोरेगांव पुणें जिल्ह्यांतील. साताऱ्याच्या पूर्वेस, जरंडेश्वराच्या डोंगराकडे, तालुक्याचें जें कोरेगांव आहे, तेथें जयस्तंभ नाहीं. त्या मुलुखांतील हत्यारांचा इतिहास घराच्या दाराशीं घडला.

गांवाची राखण रामोशाकडे असे आणि चोरी झाल्यास ती भरून देण्याची जबाबदारीहि त्याच्याच माथीं. ज्याच्या घरीं बंदूक असे ती बहुधा तोड्याची. हिची खोड अशी कीं, बार उडविण्यासाठीं पेटती जामगी लागे. दरवडेखोर दारावर आले म्हणजे चुलींतला निखारा शोधावा कीं आडणा घालावा? जामगी आधींच पेटवून बसावें, तर अंधारांत तिचा लाल ठिपका धन्याचा ठावठिकाणा सांगून देई. पावसाळ्यांत रंजक ओली झाली म्हणजे मग काठीच बरी. पुढें ठासणीच्या बंदुकीस टोपी आली आणि ही अडचण पुष्कळशी संपली.

परंतु चांगली बंदूक हातीं येण्याच्या सुमारासच ती बाळगण्याची मोकळीक गेली. १८५७ च्या सप्टेंबरच्या ८ तारखेस साताऱ्यास गेंडामाळावर सतरा जणांस देहान्त शासन झालें. रंगो बापूजी निसटले, ते पुन्हा सांपडले नाहींत. त्याच सालीं हत्यारांवर निर्बंध घालणारा कायदा झाला. मुधोळ संस्थानांतील हलगलीच्या बेडरांनीं हत्यारें देण्याचें नाकारून बंड केलें. १८५८ मध्यें नरगुंदच्या बाबासाहेब भावे यांच्या उठावामागेंहि हीच सल होती. लिटनच्या १८७८ च्या कायद्यानें विनापरवाना हत्यारास तीन वर्षेंपर्यंत कैद ठरविली. कूर्गच्या लोकांस मात्र सूट मिळाली. १८८७ च्या मद्रास काँग्रेसमध्यें या कायद्याविरुद्ध ठराव झाला. १९३१ च्या कराची काँग्रेसनें तर नियमांस धरून शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांत घातला. स्वतंत्र भारताच्या घटनेंत तो आला नाहीं, हें येथें नमूद केलें पाहिजे.

या निःशस्त्रतेची किंमत शेजारच्या खटाव तालुक्यानें मोजली. १९४२ च्या सप्टेंबरच्या ९ तारखेस वडूजच्या मोर्च्यावर गोळीबार झाला, तेव्हां परशुराम घार्गे यांच्या हातांत झेंडा होता, हत्यार नव्हतें. पुढें नाना पाटलांच्या प्रतिसरकारानें दरवडेखोरांचा बंदोबस्त हातीं घेतला. गांवकऱ्यांस त्याचा मोठा आधार वाटला.

१९५९ चा शस्त्र कायदा १९६२ सालीं अंमलांत आला. त्यानें संरक्षणासाठीं नागरिकास जी बंदूक सुचविली ती रायफल नव्हे. निदान वीस इंच नळीची, आंतून गुळगुळीत बंदूक. पिकाच्या राखणीस ठासणीची. यांत शहाणपण आहे. रायफलीच्या नळींतील पेचदार खाचांनीं गोळी गरगरत लांब जाते. रानांत तो गुण, पण दाट वस्तीच्या आळींत ती भिंत भेदून शेजाऱ्याच्या अंथरुणापर्यंत पोंचेल. छऱ्यांचा जोर अंतराबरोबर लवकर ओसरतो; जवळून मात्र तेहि तितकेच घातक. २०१९ पासून एका परवान्यावर दोनच हत्यारें ठेवतां येतात.

विश्वासाची गोष्ट नळीपेक्षां मालकावर अधिक अवलंबून असे. काळ्या दारूची काजळी क्षारयुक्त, हवेंतील ओल ओढणारी. बार काढल्यावर नळी तशीच ठेवली तर कोंकणी पावसाळा सोडाच, कोरेगांवच्या कोरड्या हवेंतहि गंज धरे. नुसतें तेल लावून भागत नसे, कारण क्षार तेलांत विरघळत नाहींत. म्हणून आधीं कढत पाणी, मग कोरडी चिंधी आणि शेवटीं तेलाचा हलका हात, असा क्रम होता. तेलहि फार झालें तर बाराची दारू भिजून पडे. ठासणीच्या बंदुकीच्या मालकाला आणखी एक काम नेमानें करावें लागे : गज नळींत सोडून ती भरलेली आहे कीं रिकामी, हें मोजून पाहणें. भरलेली असली तर गज तितकाच वर राही.